लेन्सवर चढलेली कडी

राहात्याला नगरची बस पकडली तेव्हा पिशवी मांडीवरून खाली ठेवायचा मला धीर होईना. आत बबनकाकांच्या सिनेमाच्या मशीनची जुनी पितळी लेन्स होती. काका पूर्वी जत्रांमधून तंबूत सिनेमा दाखवायचे. आता वर्षातून एकदाच, गावच्या जत्रेत, मशीन बाहेर काढतात. ती जत्रा उद्याच होती. "सांजच्याला परत आना, ताई. दुसरी न्हाई माझ्याकडं," एवढंच ते म्हणाले होते.

मला त्या लेन्सनं डिजिटल कॅमेऱ्यावर फोटो काढायचे होते. अशी लेन्स कॅमेऱ्यात थेट बसत नाही. नळीवर कडी चढवायची, कडीला कॅमेरा जोडायचा, काम झालं की कडी काढायची. त्यात काय अवघड, असं मला पुण्यात बसून वाटलं होतं!

नगरजवळ नागापूरला लेथवाले रफिकभाई मिळाले. त्यांनी ॲल्युमिनियमची सुरेख कडी कातली. मी टपरीवर वडापाव खाऊन परतले, तर कडी लेन्सवर चढलेली. ओढली, हलेना.

"हलंल कशी? तापवून चढवलीय," रफिकभाई खुशीत म्हणाले. "पंपात घट्ट बुश बसवत्यात, तशी. जन्मात निघायची न्हाई."

मी ओरडलेच. "अहो, काढायचीय ती! कडीसकट लेन्स मशीनमध्ये शिरणार नाही. उद्या खेळ आहे!"

त्यांचा चेहरा उतरला. पंपाची कडी कोण कशाला काढेल? आणि ही काढायचीय, हे मी आधी सांगितलंच नव्हतं. आता लेन्ससकट तापवावी तर काच तडकायची. मग राहिली करवत.

त्यांनी काचांवर चिकटपट्टी लावली, लेन्स फडक्यात गुंडाळून पकडीत धरली आणि नुसतं पातं हातात घेऊन कापायला लागले. प्रत्येक कर्र माझ्या दातांत शिरत होता. "ताई, मागं सरा. तुमाला बघूनच मला घाम फुटतोय."

पितळ दिसताच ते थांबले. छिन्नीचं टोक फटीत घालून हळूच पिळलं. कडी टचकन उघडली. पितळेवर बारीक ओरखडा उठला होता, काच शाबूत होती. दुसरी, सैल कडी करायला रफिकभाई तयार होते, पण ऊन उतरलं होतं. मी बस गाठली.

काका ओट्यावरच वाट बघत होते. मी झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी लेन्स मशीनमध्ये सरकवली आणि मशीन चालू केलं. भिंतीवर आधी नुसता धुरकट उजेड, मग एका बाईचा चेहरा, पापण्यांसकट स्पष्ट.

"मंजी तुमचा फोटू ऱ्हायलाच?" काकांनी विचारलं. "एकबी न्हाई?"

"नाही."

त्यांनी मशीन बंद केलं, लेन्स काढली आणि माझ्यापुढे धरली. "खेळ उद्या सांजच्याला हाय. तवर येळ हाय की. जा पुन्यांदा."

मला ती हवी होती, फार हवी होती. पण माझा हात पुढे झाला नाही.

पुण्यात मित्रमंडळींनी रिकाम्या कॅमेऱ्याची यथेच्छ चेष्टा केली. करू देत. काकांनी ती लेन्स दुसऱ्यांदा पुढे केली तेव्हा मला रडू फुटलं होतं, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.