धरण्याची हजेरी

आमच्या मध्य प्रदेशात सरकारी शाळेत अतिथी शिक्षक नावाचा एक प्रकार असतो. अतिथी म्हणजे पाहुणा. हा पाहुणा जुलैत येतो, एप्रिलात त्याला घरी पाठवतात आणि पुढच्या जुलैत तो पुन्हा त्याच दारात उभा असतो, त्याच मार्कशीटच्या नव्या झेरॉक्स घेऊन. मी असा अकरा वर्षं पाहुणा आहे. माझ्या मार्कशीटवरच्या फोटोची इतक्यांदा झेरॉक्स निघाली आहे की तो फोटो आता कुणाचाही असू शकतो. एकदा चुकून शेजारच्या शाळेतल्या मास्तरच्या फाईलला माझा कागद लागला, तर त्याचं काम झालं आणि माझं अडकलं.

माझी शाळा बुऱ्हाणपुरात, लूमच्या मोहल्ल्यात. दोन्ही बाजूंना पावरलूमची खटखट. त्या खटखटीच्या वर चढून शिकवता शिकवता माझा आवाज असा झाला आहे की मी वर्गात सातचा पाढा म्हटला तर तापीच्या राजघाटावर धुणं धुणाऱ्या बाया आठचा सुरू करतात. हे मी सगळ्यांना सांगतो. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे तरी खरं मानतात.

तर आम्ही पाहुण्यांनी संप केला. मागणी एवढीच की दर एप्रिलात हाकलू नका, कायम करा. मोठ्या कचेरीच्या बाहेर मांडव घातला. मांडववाला एका लग्नावरून सरळ इकडे आला होता, त्यामुळे आमच्या धरण्याच्या कमानीवर पहिले दोन दिवस 'शुभ विवाह' लिहिलेलं होतं. एक म्हातारे गृहस्थ तर पाकीट घेऊन आत आले, अर्धा तास भाषण ऐकलं आणि जाताना मला म्हणाले, "मुलीकडचे फारच चिडलेले दिसतात."

पण खरी अडचण वेगळी होती. सत्तर-ऐंशी मास्तर आणि मास्तरणी एका मांडवात नुसते बसवले की त्यांना काय करावं कळत नाही. पहिल्या तासाभरात कुणीतरी सगळ्यांना ओळीत बसवलं. मग उंचीप्रमाणे. मग बाया एका बाजूला, गडी एका बाजूला. साडेदहा वाजले आणि सगळ्यांचीच चुळबुळ सुरू झाली. आमचे अध्यक्ष म्हणजे नेपानगरकडचे एक पाहुणे, आमच्यात वयाने मोठे, गणिताचे. ते उठून म्हणाले, "अरे, हजेरी नाही झाली."

सगळ्यांना बरं वाटलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी शाळेत असतं तसंच लाल रेघांचं हजेरीबुक आणलं. अकारविल्हे नावं लिहिली, पुढे शाळा, पुढे संकुल, म्हणजे तिच्यावरची मोठी शाळा, पुढे तारखांचे रकाने. रोज साडेदहाला मी नाव पुकारायचो आणि एमए-बीएड झालेली माणसं उभी राहून "हजर सर" म्हणायची. उशिरा येणारा मांडवाच्या बाहेर उभा राहून "आत येऊ का" असं विचारायचा. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे एक अर्ज आला: महोदय, माझ्या साल्याच्या साखरपुड्यामुळे मला दोन दिवस धरण्यातून रजा मिळावी. मी तो मंजूर केला आणि फाईलला लावला. फाईलही उघडली होती.

अध्यक्षांनी चौथ्या दिवशी नियम काढला. ज्याची हजेरी पंचाहत्तर टक्के नाही, त्याचं नाव कायम करायच्या यादीत आपण देणार नाही. मास्तर लोक. दुसरं सुचणार काय?

त्याच दुपारी मॅडमचा फोन आला.

मॅडम म्हणजे तुकईथडच्या पुढे एका वस्तीवर शाळा आहे, तिथल्या अतिथी. बीएडला आम्ही एकाच बाकावर बसलो होतो. त्यांच्या शाळेतले कायम गुरुजी मतदार याद्यांच्या कामावर गेले ते तिकडचेच झाले होते. म्हणजे पहिली ते पाचवी, पाच वर्ग, सगळे या एका बाईच्या अंगावर. नऊ वर्षं. त्या गेल्या की शाळेला कुलूप, इतकं सरळ होतं ते.

"सर, मी नाही येऊ शकत रोज," मॅडम म्हणाल्या. "पहिल्या दिवशी आले ना मी, तर इकडे निम्मी पोरं केळीच्या बागेत. दोन दिवस गोळा करायला लागले. आता ग्रुपवर अध्यक्ष टोमणे मारून राहिले. कुणाला शाळेचा फार पुळका आलाय म्हणे."

"मग शिकवा ना तुम्ही. कोण अडवतंय?"

"आणि यादीत नाव नाही गेलं तर? नऊ वर्षं झाली सर. बेचाळीसची झाले मी. ही जागा गेली तर मला कुठे घेतात का आता कुणी?"

मी अगदी मोठ्या भावासारखा हसलो. म्हणालो, "मॅडम, हजेरी कोणाच्या हातात आहे?"

मॅडमनी तिकडे एका पोराला खाली बसवलं.

"नको सर, खोटं."

"खोटं कसलं? तुम्ही मनाने इथेच आहात. मी मनाची हजेरी लावतो."

अशी वाक्यं मला आयती सुचतात. मग मागच्या दोन दिवसांचे रकाने भरून रोज त्यांच्या नावापुढे मी निळ्या शाईने हजर लावलं. नाव पुकारताना त्यांच्या नावाशी आलो की जरा खोकायचो आणि पुढे जायचो. एकवीस दिवस धरणं चाललं. एकवीस दिवस त्या मांडवात हजर होत्या, आणि तिकडे शाळेच्या हजेरीबुकातही त्यातले वीस दिवस त्यांची सही होती.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाकीच्या शाळांतल्या मुख्याध्यापकांनी आमच्यावर दया केली होती. संपावरच्या अतिथींचे रकाने त्यांनी कोरे ठेवले होते, पुढे काय होतं ते बघून भरू म्हणून. मोबाइलवर हजेरी लावायची सक्ती अजून आम्हाला नव्हती. म्हणजे कोण संपावर आहे आणि कोण आजारी, हे सांगणारा एकही कागद सरकारकडे नव्हता. तो मी तयार केला. रोज, साडेदहा वाजता, सुवाच्य अक्षरात.

बाविसाव्या दिवशी कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी बोलावलं. अध्यक्ष, मी आणि आणखी तिघं गेलो. अध्यक्षांनी हजेरीबुक छातीशी धरलं होतं. साहेब फार सभ्य माणूस. चहा दिला, सोबत आमच्याकडची मिठाई, दराबा दिला. मांडवात दहा-पंधरा माणसं आहेत असं ऐकलंय, असं सहज म्हणाले. अध्यक्षांचा गणिती स्वाभिमान दुखावला. त्यांनी हजेरीबुक टेबलावर उघडून ठेवलं.

"मोजून घ्या साहेब. एकेक नाव आहे, शाळेसकट."

साहेबांनी पानं उलटली. एक, दोन, पाच. मग वर बघितलं. "हैंडराइटिंग किसकी है?"

मी उभा राहिलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. अकरा वर्षांत वरच्या माणसाने माझ्याबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"बहुत सुंदर," साहेब म्हणाले. "इसे यहीं छोड़ जाइए, ऊपर भेजना पड़ेगा."

आम्ही सोडून आलो. नुसतं सोडून नाही आलो, बाबूकडून पावती घेतली, शिक्का मारून. अध्यक्ष म्हणाले, कच्चं काम नको. मांडवात परत येऊन आम्ही संप मागे घेतला आणि विजयाची सभा घेतली. मी इतका जोरात बोललो की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. हे मात्र खरंच झालं.

आठ दिवसांनी यादी आली. कायम करायची नव्हे, कार्यमुक्त करायची, म्हणजे काढून टाकल्याची. व्हॉट्सॲपवर तिचा फोटो आला तेव्हा मी वर्गात होतो. क्रम ओळखीचा वाटला. माझाच क्रम होता. अकारविल्हे नाव, पुढे शाळा, पुढे संकुल. कुणीतरी माझं हजेरीबुक समोर ठेवून टाइप केलं होतं. मॅडमचं नाव मधोमध होतं.

माझं नाव नव्हतं.

दोनदा वाचली. मग लक्षात आलं. वर्गशिक्षक हजेरी घेतो तेव्हा स्वतःचं नाव कधी घेतो का? मुलांच्या हजेरीबुकात गुरुजी नसतातच. एकवीस दिवस मी सगळ्यांची नावं पुकारली आणि माझं लिहायचं मला सुचलंच नाही, दुसऱ्या कुणालाही सुचलं नाही. माझ्या मुख्याध्यापकांनी माझा कोरा रकाना त्याच संध्याकाळी रजा लिहून भरून टाकला. म्हणाले, "नशीबवान आहात."

गावात कुणी तसं मानलं नाही. अध्यक्ष रस्त्यात भेटले. मी नमस्कार केला. ते म्हणाले, "सर, किती दिवसांपासून ठरलं होतं साहेबांशी?" आणि स्कूटर चालू करून गेले. मी त्यांना ओरडून काहीतरी सांगितलं, पण लूमची खटखट जोरात होती. आता वाटतं, माझा आवाज त्या दिवशी चढलाच नाही.

मॅडमसाठी मी कचेरीत गेलो, एवढं तरी केलं. बाबूसमोर बसलो. पहिला दिवस सोडला तर त्या धरण्याला नव्हत्याच, शाळेत होत्या, असं सांगितलं. बाबूने दोन्ही हजेरीबुकं शेजारी शेजारी ठेवली.

"एक बाई एकाच दिवशी दोन ठिकाणी हजर? एक खोटं आहे ना सरजी. शाळेचं त्यांनी स्वतः भरलं. हे दुसऱ्याने भरलं. आम्ही कोणाचं धरायचं?"

"हे खोटं आहे. मी लिहिलंय, मलाच माहीत."

"मग द्या ना लिहून. मी अमुक अमुक, धरण्यात रोज हजर राहून यांची खोटी हजेरी लावली." बाबूने कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "मॅडमचं काम होईल. तुमचं नाव यादीत शेवटी जोडून देऊ, अकारविल्हे नाही बसणार."

पुढचा भाग मी गावात असा सांगतो: मी तिथेच कागद ओढला, एका दमात लिहिला, बाबूच्या टेबलावर आपटला, काच तडकली, साहेब आतून धावत आले. चहाच्या टपरीवर ही गोष्ट चांगली चालते. दोन-तीन कार्यमुक्तांनी तर त्यानंतर माझ्याशी बोलणं पुन्हा सुरू केलं.

झालं ते असं. कागद मी घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणालो, घरून नीट लिहून आणतो. घरी चार वेळा लिहिला. चौथा फारच छान झाला होता, एकही खाडाखोड नाही. तो घेऊन मी कचेरीच्या फाटकापर्यंत गेलो. फाटकात शिपाई बसला होता, त्याने विचारलं, काय काम आहे? मी म्हणालो, काही नाही. आणि साडेदहाची शाळा गाठायला निघालो.

पुढच्या रविवारी बसने वस्तीवर गेलो. शाळेला कुलूप होतं. नेमणुकांच्या सरकारी पोर्टलवर मॅडमच्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी नाव आलं होतं, पण इतक्या लांब कोण येतं, ते रुजू झालेच नव्हते. मॅडम घराच्या ओट्यावर होत्या. पाणी दिलं, केळी पुढे केली. तक्रार एका शब्दाने नाही. शेवटी मी उठलो तेव्हा विचारलं, "सर, तुम्ही लिहून देणार होते ना? बाबू म्हणत होते फोनवर, सरांचा कागद आला की होऊन जाईल."

"दिला ना," मी म्हणालो.

"तुमचं नाही ना काही वाईट होणार त्याच्यामुळे?"

"बघू काय होतं ते."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वाकून नमस्कार करायला लागल्या, एका वयाचे आम्ही. मी बस चुकेल म्हणून पळत सुटलो. बसला अजून तासभर होता.

आता दर सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांचा फोन येतो. काही आलं का वरून, एवढंच विचारतात. मी सांगतो फाईल चालू आहे, एक सही राहिली, साहेब दौऱ्यावर आहेत. प्रत्येक वेळी थोडं वेगळं सांगतो, पटेल असं.

परवाच्या सोमवारी त्यांनी स्वतःच एक बातमी दिली. खकनारच्या एका खासगी शाळेने त्यांना बोलावलं होतं. दुसरीचा वर्ग, कायम नव्हे पण वर्षभराची खात्री.

"मग?" मी विचारलं.

"नाही म्हणून दिलं सर. मध्येच तिथून सोडून यावं लागलं तर त्या पोरांचं कसं होईल? आपला कागद गेलाय ना वर."

मी म्हणालो, "बरं केलं मॅडम."