जाकिटाची घडी

मुक्ता, आमची लेक, पहिल्यांदाच बर्फात स्कीइंगला निघाली होती. तिने कपडे पलंगावर घालायच्या क्रमाने मांडले होते: थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर, त्यावर लाल जाकीट, खाली पँट, पायमोजे, उशीवर कानटोपी. मी खोलीत शिरलो आणि दचकलो. पलंगावर माझी मुलगी निजली होती, फक्त आत ती नव्हती.

बर्फाशी माझी ओळख उसाच्या रसापुरती. तरी सकाळीच सल्ला देऊन झाला होता, "आतून सुती बनियन घाल."

"बाबा, सुती कपडा घाम धरून ठेवतो. मग तोच गार पडतो."

थंडी थरांनी अडते म्हणतात. भीतीवर मात्र जितके थर चढवावेत, तितकी ती आत उबदार राहते.

ते रिकामं जाकीट बघवेना. उचललं आणि स्वतःच घातलं. चेन पोटाशी अडकली, तेवढ्यात मुक्ता आली.

"बाबा! नवीन आहे ते!"

"म्हणून तर. घडी मोडून देतोय."

आमच्याकडे नव्या साडीची घडी आधी जवळच्या माणसाने मोडायची पद्धत आहे. जाकिटाची कुणी मोडल्याचं ऐकिवात नाही.

"साडी आहे का ती? काढ, फाटेल!"

काढलं. पण पलंगावर ठेवलं नाही, तिच्या हातात दिलं. "घालून दाखव."

तिने गळ्यापर्यंत चेन ओढली. बाह्या भरल्या, हलायला लागल्या. बाहेर पुण्याचं ऊन रणरणत होतं.

"बाबा, उकडतंय. काढू?"

"थांब जरा," मी म्हटलं.