ईरप्पाची मूठ, महानंदेचा अंगठा

घरात ईरप्पासारखा नवरा असला की बाईला बाहेर वैरी शोधावा लागत नाही, असं महानंदेला दिवसातून एकदा तरी वाटायचंच. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण तालमीचं वेड होतं, आणि आता त्या वेडावर दुसरं वेड चढलं होतं ते ठोशांचं.

तीस सालचा मार्शल लॉ उठला त्याच्या पुढच्या वर्षी सोलापुरात एक सर्कस आली. तिच्या तंबूत दोन गोरे हातांवर कातड्याचे गोळे चढवून एकमेकांना ठोसे मारताना ईरप्पानं पाहिले आणि गडी पार बिघडला. जन्मभर तांबड्या मातीत कुस्ती खेळलेला माणूस! कुस्तीत ठोसा मारला तर वस्ताद कान धरून हौद्याबाहेर काढतो. म्हणजे ईरप्पानं उभ्या आयुष्यात कोणाला एक ठोसा मारलेला नव्हता. तरी तंबूतून घरी आला तो ठोशांवर जे बोलायला लागला ते थांबायचं नावच घेईना.

महानंदेचं दुखणं वेगळंच होतं. ती गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. दिवसभर रिळं फिरणार, धागा तुटला की चिमटीत दोन टोकं धरून गाठ मारायची, की पुढचा तुटलाच. पहाटे भोंग्याच्या आधी गिरणीच्या भिंतीलगतच्या बोळातून जावं लागे, आणि तिथं एक टगा उभा राहायचा. त्याचं नाव कोणाला धड माहीत नव्हतं. बायका त्याला ‘कोपऱ्यावरचा’ म्हणत. आधी शिट्टी वाजवायचा, मग वाट अडवायला लागला.

“अवो, चार दिस माझ्यासंगट बोळापतुर चला की,” महानंदा नवऱ्याला म्हणाली. “तुमाला नुसतं बघितलं तरी जाईल त्यो.”

“मी किती दिस येनार?” ईरप्पा म्हणाला. “त्यापरास तुलाच तयार करतो. बघच तू.”

दुसऱ्या कोणाही बाईचा नवरा उठून बोळात गेला असता. ह्यानं टाकाऊ सुताच्या गुंतवळीचं पोतं भरून आणलं आणि आढ्याला टांगलं. रोज संध्याकाळी, चूल पेटवायच्या वेळेला नेमकी, याची शिकवणी सुरू. “मूठ घट्ट वळ. अंगठा आत घे, बोटांच्या खाली. म्हंजे त्याला लागत न्हाय.” गोऱ्यांच्या हातांवर कातडं होतं, त्यात अंगठा कुठं होता ते या पठ्ठ्याला दिसणार कसं? पण बोलणं असं, जणू गोऱ्यांनी यालाच बाजूला घेऊन सांगितलं होतं. पोतं मऊ होतं. महानंदा मारत राहिली. तिला कशाला काय लागतंय!

मग एका पहाटे कोपऱ्यावरच्यानं तिचा पदर धरला. महानंदेनं शिकवल्याप्रमाणं मूठ वळली, अंगठा आत घेतला आणि सगळा जीव एकवटून ठोसा ठेवून दिला. तो बसला त्याच्या कपाळावर. माणसाचं कपाळ म्हणजे गुंतवळ नव्हे. काहीतरी कडकन वाजलं, ते तिच्याच हातात. मागून बायका आल्या म्हणून तो कपाळ चोळत, हसत निघून गेला.

अंगठा संध्याकाळपर्यंत वांग्याएवढा झाला. हाडवैद्यानं लेप लावून कामट्या बांधल्या आणि महिनाभर हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं. आणि ईरप्पा? त्याची छाती फुगलेली! तालमीत, पानाच्या दुकानात, भेटेल त्याला सांगत सुटला, “आमच्या मंडळीनं ठोसा हानला, ठोसा!” बायकोचा सुजलेला हात लोकांना दाखवायला त्यानं दोनदा घरी माणसं आणली. महानंदेच्या अंगाचा तिळपापड झाला.

खात्यातल्या बायकांवर देखरेख करणारी नायकीण रंभाबाई मात्र स्पष्ट बोलली. “पोरी, गाठ अंगठ्यानं बसती. डाव्या हातानं, दातानं, कशी बी मार, पन रिळं थांबली तर मला बदली बाई घ्यावी लागंल. आन् बदली आली की ती जात न्हाय, तुला ठावं हाय.”

महानंदा डाव्या हातानं गाठी मारायला शिकली. जीभ चावत, डोळ्यांत पाणी आणत शिकली. आता तिची सगळी भाकरी त्या एका हातावर होती, आणि बोळ तर चुकणार नव्हता. आणि नवरोजी काय म्हणाले? “आता डाव्यानं ठोसा शिकवतो.”

तेव्हा ती काठवटीत ज्वारीचं पीठ मळत होती, डाव्याच हातानं. तिचं डोकंच फिरलं. “तुमी तालमीत कदी ठोसा मारला व्हय?”

“कुस्तीत ठोसा चालत न्हाय.”

“मग मला का शिकवला?”

“अगं, उघडा हात म्हंजे चापट. चापट पोरांना मारत्यात. मानसाला ठोसाच पायजे.”

महानंदा रागारागानं पीठ रगडत राहिली. अन् रगडता रगडता तिचं लक्ष आपल्याच हाताकडं गेलं. सगळा जोर मनगटालगतच्या तळव्यात होता. बोटं मोकळी, अंगठा मोकळा, आणि काठवट जमिनीवरून सरकत होती.

आठवड्याच्या आतच कोपऱ्यावरचा पुन्हा आडवा आला. बांधलेला हात बघून त्याला हसू फुटलं होतं. महानंदेनं डावा तळवा खालून वर, त्याच्या हनुवटीवर असा दिला की त्याचे दात जिभेवर आपटले आणि तो भिंतीला टेकून खालीच बसला. त्यानं तोंड दोन्ही हातांनी धरलं होतं. महानंदा चालत गिरणीत गेली आणि दिवसभर त्याच हातानं गाठी मारल्या.

हे ऐकून ईरप्पाचा चेहरा पडला. “म्हंजे चापटच की,” एवढंच म्हणाला आणि तालमीत गेला. तिथं त्यानं काय सांगितलं ते दोन दिवसांनी कळलं. महानंदा कामावरून सुटून, बाजार करून घरी आली, तर खात्यातल्या दोन पोरी पोत्यासमोर उभ्या. बोळानं त्यांनाही जावं लागे. अंगठे आत, मुठी घट्ट. आणि ईरप्पा सांगत होता, “अश्शीच मूठ वळून तिनं डाव्यानं त्याला लोळवला.”

नवऱ्याला चारचौघांत बोलायचं नाही, हे महानंदेनं लग्नापासून पाळलं होतं. पण त्या पोरींचे अंगठे बघून तिला राहवेना. तिनं एकेकीची मूठ धरून बोटं उलगडली. मग उजव्या हाताची पट्टी सोडली आणि वाकडा, न मिटणारा अंगठा त्यांच्यापुढं धरला.

“ही ह्यांची मूठ. आन् त्याला पाडला त्यो उघड्या हातानं. खोटं असंल तर इचारा ह्यांना.”

पोरी ईरप्पाकडं बघायला लागल्या. त्यानं पोत्याकडं बघितलं, आढ्याकडं बघितलं, बायकोच्या अंगठ्याकडं बघायला त्याला बराच वेळ लागला.

“खरं हाय,” तो म्हणाला.

महानंदेला आनंद वगैरे काही झाला नाही, उलट रडूच आलं. एवढे दोन शब्द काढायला या माणसाला तिचा अख्खा अंगठा लागला होता.