सहलीच्या यादीतली नववी ओळ

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी सुर्ल्याला माझ्या बहिणीला नाही. तिला तर मी माझं सगळंच सांगते. हे मात्र नाही.

सुरुवात कुठून करू? यादीपासून करते, ते सोपं आहे.

गोव्यात मोपाचा विमानतळ नुकता सुरू झाला होता आणि सुहासच्या मनात आलं की मुंबईजवळच्या थीम पार्कला जाऊया, विमानाने. सुहास, माझा नवरा, मुरगाव बंदरात क्रेनवर आहे. आठवडाभर तिकडेच राहतो, शनिवारी डिचोलीला घरी येतो. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या दोघांची कुटुंबंही येणार होती. आमची मनवा तेव्हा नऊ वर्षांची. आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई.

बॅगा भरायचं काम माझ्याकडे आलं. मी यादी करून फ्रिजवर लावली. पाण्यात घालायचे नायलॉनचे कपडे, कारण सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत. ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकच्या पिशव्या. टोप्या. उन्हाचं क्रीम. लॉकरसाठी छोटं कुलूप. टाचेमागे पट्टा असलेल्या चपला, साध्या वाहून जातात. मनवाची उलटीची गोळी. आईंचं गुडघ्याचं तेल. नववी ओळ होती ओळखपत्रं.

मी फार नीटनेटकी बाई आहे, असं सगळे म्हणतात. माझ्या हातून काही विसरत नाही. आणि हेच तर—

थांबा. आधी आईंबद्दल सांगायला हवं.

आईंचं माहेर मोपाच्या सड्यावरचं, म्हणजे तिथल्या कातळाच्या पठारावरचं. लहानपणी त्यांनी तिथे गुरं राखली. जिथे आता धावपट्टी आहे तिथे कुठेतरी करवंदांच्या जाळ्या होत्या, म्हणायच्या. सहलीचं ठरलं त्या दिवसापासून त्यांचं एकच चाललं होतं, "विमानातसून आमचो सडो कसो दिसता, ता माका बघूचा आसा." शेजारणीला सांगायच्या, मासे घेऊन येणारीला सांगायच्या. थीम पार्कात काय आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त वर जाऊन खाली बघायचं होतं.

वाईट सासू होत्या का? नाही. तुम्ही तसं समजू नका, मला ती सवलत नको. घरात सगळं त्यांच्या हातात होतं, एवढंच. कपाटाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. महिला मंडळाच्या बैठकांची टिपणं त्या लिहायच्या, अक्षर सुंदर. मी भाजी चिरताना त्या बघायच्या. काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. सुहास आठवडाभर नसायचा, म्हणजे दिवसभर त्या आणि मी. मला चार दिवस हवे होते. चारच दिवस, कोणी न बघता. शिवाय सुहासच्या मित्रांच्या बायकांसमोर त्या मोठ्याने बोलतील, पायऱ्या चढताना सगळ्यांना थांबवतील, याची मला लाज वाटत होती. आता ते लिहिताना लाज वाटते ती वेगळी.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी त्यांचं आधार कार्ड माझ्या हातात दिलं. "ह्या तुझ्याकडेच ठेव गो. माझ्याकडे खंय तरी पडात."

मी घेतलं. स्वयंपाकघरात गेले. आणि डबे ठेवायच्या फळीवर जो कागद अंथरलाय, त्याच्या खाली सरकवलं. मग फ्रिजपाशी येऊन नवव्या ओळीसमोर बरोबरची खूण केली.

 

टॅक्सी उशिरा आली, म्हणून मोपाला पोचलो तेव्हा वेळ थोडा होता. आत शिरायच्या दारावर जवानाने ओळखपत्रं मागितली. मी पर्स उघडली. चाळली. पुन्हा चाळली. हे नाटक मी इतकं चांगलं केलं की सुहास मलाच म्हणाला, घाबरू नकोस, नीट बघ. त्याच्या फोनमध्ये कार्डाचा फोटो होता, तो चालेना. फोनवरच्या सरकारी ॲपमधून काढायला गेलो तर त्याचा ओटीपी सासऱ्यांच्या जुन्या नंबरवर जात होता. सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती, नंबर बंद. घरी जाऊन कार्ड आणायचं तर दोन तास.

मग आई म्हणाल्या, "माका वाटला, मी तुका दिलंय."

आणि मी म्हटलं, "नाही आई. तुम्ही म्हणालात, माझ्याच पिशवीत असू दे."

कार्ड लपवणं हा माझा गुन्हा आहे असं मला बरेच दिवस वाटायचं. तो नाही. गुन्हा हे वाक्य आहे. कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं, एक क्षणभर त्यांना पक्कं आठवत होतं, मला ते दिसलं. आणि मग ते त्यांच्या डोळ्यांतून गेलं. त्यांनी स्वतःवर ठेवायचा तो विश्वास माझ्यावर ठेवला.

"मगे माझाच चुकला," त्या म्हणाल्या.

सुहास म्हणाला, मी थांबतो, उद्या तुला घेऊन येतो. त्यांनी ऐकलं नाही, मनवाला जवळ घेऊन म्हणाल्या, "तुम्ही जावा. चेडवाचो हिरमोड करू नकात." पिशवीतून रव्याच्या लाडवांचा डबा काढून माझ्या हातात दिला आणि त्याच टॅक्सीने परत गेल्या. मनवा रडत होती. विमान वर गेलं तेव्हा खिडकीशी मी होते. सड्याकडे मी बघितलं नाही.

आणि थीम पार्कात मला मजा आली. हे लपवत नाही. लाटांच्या तळ्यात मी ओरडले, हसले, उंच घसरगुंडीवरून तीनदा आले. लाडू सगळ्यांना वाटले.

परत आल्यावर तरी खरं बोलायचं! नाही. मी फळीखालचं कार्ड काढलं आणि आई किल्ल्या उशाशी ठेवून आंघोळीला गेल्या असताना त्यांच्या कपाटात, लुगड्यांच्या घडीत ठेवलं. मग त्यांच्यासमोरच शोधून काढलं. "बघा आई, इथेच होतं." त्या पलंगावर बसल्या. कार्ड हातात उलटंपालटं करत राहिल्या. 

त्या महिन्यात त्यांनी किल्ल्या मला दिल्या. मंडळाची टिपणं दुसऱ्या कोणाला द्या म्हणाल्या, माझ्या हातून कायतरी राहील. गॅस बंद केला का, दोनदोनदा विचारू लागल्या. सुहासने म्हापशाला डॉक्टरांना दाखवलं. वयाच्या मानाने उत्तम आहे, डॉक्टर म्हणाले. आईंना पटलं नाही. मला एकटीलाच ठाऊक होतं की डॉक्टर बरोबर आहेत. मी तिथेच, बाजूच्या खुर्चीवर बसले होते.

आता त्या प्रत्येक गोष्ट मला विचारतात. औषध घेतलं का, आज वार कोणता, ही साडी कालच नेसले होते का. खरंच विसरायला लागल्या आहेत की विसरण्याची भीती त्यांच्यात मुरली आहे, मला सांगता येत नाही. मी भाजी चिरते तेव्हा त्या आता बघत नाहीत.

गेल्या महिन्यात सुहासने पुन्हा सहल काढली, हैदराबादची. जेवताना आईंना म्हणाला, या वेळी तू यायचंच. त्यांनी ताटातून मान वर केली नाही.

"माका नको बाबा. मी खंय तरी कायतरी इसारतलंय आणि तुमचो खोळंबो करतलंय."

सुहासने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन, आग्रह करेन, अशी त्याची अपेक्षा असावी. मनवासुद्धा बघत होती. दोन वाक्यांत सगळं सांगता आलं असतं.

मी म्हटलं, "राहू दे. त्यांना जबरदस्ती नको."

आम्ही जाऊन आलो. तिघंच.