बल्बाखालचा मॉनिटर

पनवेलच्या मच्छी मार्केटात दुसऱ्या रांगेत, डाव्या हाताला जनी बसते. वीस वर्षं मी तिच्याकडूनच मासळी घेतो आणि वीस वर्षं तिची बोलणी खातो. पापलेट जरा बोटाने दाबून बघितलं की ती खेकसते, "दाबून काय बगताय भाऊ, आंबा हाय काय?" मी मुकाट्याने हात मागे घेतो. अशा या बाईला कुणी भर दिवसा, एसी दुकानात, हसतहसत फसवेल असं मला कधी वाटलं नव्हतं. गेल्या महिन्यात ते झालं आणि त्यात माझाही हात होता. माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

जनी मूळची उरणकडची, करंजाची. लग्न होऊन पनवेलच्या कोळीवाड्यात आली. नवरा काशिराम उरणला बंदरात कामाला, आठवड्यातून एकदा घरी येतो. त्यामुळे मार्केट, घर आणि एकुलती एक मुलगी समृद्धी हे सगळं जनीनेच ओढलं. समृद्धी वीस वर्षांची आहे, कॉम्प्युटरचं शिकते आणि कॉम्प्युटरवर गोळीबाराचा गेम खेळते. पाच जण इकडे, पाच जण तिकडे. शेजारची कोळीण एकदा म्हणाली, "पोरीला बंदुका चालवायला शिकवतेस काय गं?" जनीने सुरीसुद्धा खाली ठेवली नाही. "तुझा घोव दिसभर पत्ते पिसतो, त्याला इचार आधी."

तर या समृद्धीला एका चांगल्या टीममध्ये जागा मिळण्याची वेळ आली होती. टीमचा कॅप्टन निनाद नावाचा खारघरचा मुलगा. त्याने स्पष्ट सांगितलं होतं, की दोन रविवारी दोन ट्रायल होतील आणि दुसऱ्या ट्रायलनंतर जागा पक्की किंवा विषय बंद. समृद्धीचा मॉनिटर जुना होता. त्यावर पळणारी माणसं फरफटत गेल्यासारखी दिसायची. जनीने ठरवलं, नवीन घ्यायचा. बॉक्सवरचं इंग्रजी वाचायला तिने मला सोबत घेतलं. मी वीज खात्यात मीटर रीडर होतो, म्हणजे तिच्या लेखी वाचण्यातला मोठा माणूस.

दुकान पळस्प्याच्या रस्त्यावर, नवीनच झालेलं. धनेश नावाचा विक्रेता पुढे आला. मॉनिटरवर लाल-हिरवे पोपट उडत होते, रंगांचे फवारे उसळत होते. जनी बघतच राहिली. समृद्धी मात्र म्हणाली, "दादा, यावर एखादा अंधारातला गेम लावून दाखवा ना."

"ताई, डेमो फिक्स असतो," धनेश म्हणाला. "बॉक्सवर बघा ना. एकशे पासष्ट हर्ट्झ, एक मिलिसेकंद. अजून काय पाहिजे?"

मी बॉक्स वाचला. आकडे होते, ठळक होते. समृद्धी शेजारच्या एकशे चव्वेचाळीसवाल्या मॉनिटरकडे वळून वळून बघत होती. ती मला म्हणाली, "काका, नुसता हर्ट्झ बघून चालत नाही. सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं ते त्यात कळतं. पण प्रत्येक ठिपका रंग बदलायला वेळ लावत असेल, तर नव्या चित्रामागे जुनं राहतं. काळ्या रंगात जास्तच." मी काय म्हणावं? मी म्हणालो, "अगं, त्याच किमतीत जास्त आकड्याचं मिळतंय, कमी आकड्याचं कशाला घेतेस?" उभा जन्म मीटर वाचण्यात गेला माझा. आकडा छापलेला असला की मला तो खराच वाटतो. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते आता.

घरी जनीने मॉनिटरपुढे नारळ फोडला, स्टँडला हळदकुंकू लावलं. समृद्धीने सेटिंगमध्ये जाऊन एकशे पासष्ट लावलं, वायर तपासली, सगळं रीतसर केलं. आणि पहिल्या ट्रायलमध्ये ती सपशेल पडली. उजेडात बरी खेळली. पण अंधाऱ्या बोगद्यातून कुणी पळत आलं की हिची गोळी मागेच. ती रडकुंडीला येऊन सांगत होती, "आई, माणसाच्या मागे काळी शेपटी दिसते. डोकं कुठंय तेच कळत नाय."

आम्ही काय केलं? दुकानाला फोन केला. धनेश म्हणाला, मॉनिटर एकदम ओके आहे, मुलीचे डोळे तपासून घ्या. आणि आम्ही घेतले! मीच घेऊन गेलो तिला डॉक्टरकडे. डोळे ठणठणीत निघाले. तेव्हा जनी मार्केटातल्या चार बायकांदेखत पोरीला म्हणाली, "मंग हातच मंद हाय तुझा. एवढा मोठा दुकानवाला खोटा बोलंल काय?" समृद्धीने पाठ फिरवली. पिशवी उचलून चालायला लागली. तिचा तो चेहरा मी पाहिला आणि तरी गप्प बसलो, कारण बॉक्सवरचा आकडा मीच वाचला होता.

दोन दिवस पोर कॉम्प्युटरला शिवली नाही. शुक्रवारी तिने जनीला सांगितलं, की निनादला नाही म्हणून कळवते. मग मात्र जनीने तिच्या हातातला फोन काढून घेतला. शनिवारी दुपारी मार्केट उठल्यावर तिने मॉनिटर बॉक्सात भरला, समृद्धीला आणि मला रिक्षात कोंबलं आणि दुकान गाठलं.

धनेश अजून हसतच होता. "मावशी, मॉनिटरचा काही प्रॉब्लेम नाही हो. हे गेम म्हणजे रिफ्लेक्सचं काम. मुलींना जरा वेळ लागतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिऱ्हाइकाला शिळा माल द्यायचा, वर त्याच्याच पोरीला मंद ठरवायचं! मी तोंड उघडणार, तोच जनीने मला हाताने थांबवलं. धनेशने आमचा मॉनिटर जोडून पुन्हा तेच पोपट उडवले. चित्र झकास दिसत होतं. जनी कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो बल्ब बंद कर."

"कुठला बल्ब, मावशी?"

"ह्यो पोपटांचा. आमच्या बाजारात पाटीवर पिवळा बल्ब सोडला, की शिळ्या बांगड्याचं कल्लं पण लाल दिसतात. गिऱ्हाइक म्हावरं बगत नाय, उजेड बगतं. मना शिकवतोस? काळोख लाव."

धनेश कंपनीचे नियम सांगायला लागला. जनीचा आवाज चढला. मच्छी मार्केटात तयार झालेला आवाज तो, दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. शेवटी त्याने माउस समृद्धीच्या हातात दिला. तिने आमचा मॉनिटर आणि एकशे चव्वेचाळीसवाला शेजारी शेजारी ठेवून दोन्हीवर एकच चित्र लावलं. काळ्या पडद्यावरून करड्या पट्ट्या सरकत होत्या आणि प्रत्येक पट्टीवर एकेक आकडा होता.

"भाऊ, तुमी मीटर वाचणारे ना?" जनी म्हणाली. "वाचा."

एकशे चव्वेचाळीसवाल्यावरचे आकडे मी घडाघडा वाचले. चार, नऊ, दोन, सात. आमच्यावर पट्टीमागे काजळी फासल्यासारखं दिसत होतं. आठ होता की तीन, शून्य की सहा, मला सांगता येईना. चष्मा पुसून पाहिला, तरी येईना. मग जनीने धनेशला पुढे ढकललं. "तू वाच. पोरगा हायस ना तू? तुला येळ लागत नसंल."

धनेश वाकून बघत राहिला. मागे उभा असलेला एक मुलगा फसकन हसला. "बदलून देतो, मावशी," धनेश हळूच म्हणाला.

"ते तर देशीलच. आधी हिला सांग, तुजं डोळं बरोबर होतं म्हणून."

धनेशने इकडेतिकडे पाहिलं आणि पुटपुटला, "ताई, तुमचं बरोबर होतं." जनी म्हणाली, "मोठ्यानं." त्याने मोठ्याने सांगितलं.

परत येताना रिक्षात मी समृद्धीची माफी मागितली. ती हसली, "जाऊ द्या हो काका," म्हणाली. मग एकशे चव्वेचाळीसचा बॉक्स मांडीवर सावरत तिने आईकडे पाहिलं. "आई, बल्बाचं बरोबर सुचलं तुला. आपल्या पाटीवर पण हाय ना तो."

जनी कोळीवाडा येईपर्यंत रस्त्याकडे बघत बसली. आणि मी चरफडत होतो. वीस वर्षं मी त्या बल्बाखालची मासळी घरी नेत होतो!

रविवारी समृद्धीने ट्रायल दिली. अंधाऱ्या बोगद्यात तिने चौघांना टिपलं. संध्याकाळी निनादचा फोन आला, जागा पक्की.

मंगळवारी मी मुद्दाम भांडायच्या तयारीने मार्केटात गेलो. जनीच्या डोक्यावर नुसती वायर लोंबत होती, टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली. आजूबाजूच्या सगळ्या पाट्यांवर पिवळा उजेड आणि मधे हिची पाटी काळवंडलेली. आमच्या बिल्डिंगमधल्या शोभाताई तिथे उभ्या होत्या. "जनी, आज बांगडे फिके दिसतायत गं."

"दिसतात तसंच हायत. घेयाचं तर घे."

शोभाताई शेजारच्या पाटीवर गेल्या. जनीने त्यांना हाक मारली नाही. मी घसा खाकरला. वीस वर्षांचं सगळं एकदम तोंडावर आलं होतं. तेवढ्यात तिने पाटीतला एक बांगडा उचलला आणि माझ्या हातात दिला.

"घ्या भाऊ," ती म्हणाली. "दाबून बगा."