कपारीची शपथ

“सर, अण्णा गेले. पहाटे झोपेतच. त्यांच्या वहीतल्या यादीत तुमचं नाव चौथं आहे, म्हणून फोन केला...” दामूअण्णांचा मुलगा एवढे बोलला आणि पुढचा क्रमांक फिरवण्यासाठी त्याने फोन ठेवला. दुःख तर झालेच. परंतु मनात कुसळासारखा रुतून बसला तो ‘चौथं’ हा शब्द. अण्णांच्या वहीत माझ्या आधी तीन नावे असतील, ही शक्यता पाच वर्षांत मला कधी शिवली नव्हती.

मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होतो. तीस वर्षे फळ्यावर दुर्बिणीची आकृती काढली, किरण वाकवले, प्रतिमा उलटी करून दाखवली. दुर्बिणीतून पक्षी मात्र एकदाही पाहिला नाही. निवृत्तीनंतर नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर एका रविवारी पक्षी पाहणाऱ्यांच्या घोळक्यामागे संकोचाने उभा होतो. पुढे जाऊन ‘मलाही बघू द्या’ म्हणणे मला जमेना. तेव्हा मखमलाबादकडे गुलाबाची शेती करणाऱ्या, टोपी कपाळावर ओढलेल्या एका गृहस्थाने माझा दंड धरून मला पुढे काढले. “लावा डोळा, सर. लाजून पक्षी दिसत नाय.” हे दामूअण्णा. मी ‘सर’ आहे हे त्यांनी कशावरून ओळखले, असे विचारताच म्हणाले, “हात मागं बांधून हुभं राहनारा मानूस मास्तरच असतो.”

स्वतःचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवर बसवायची एका डोळ्याची दुर्बीण, घ्यावा असे मला वाटू लागले, तेव्हा अण्णांनी ते काम मुलीचे स्थळ पाहावे तशा गांभीर्याने अंगावर घेतले. स्कोपला ते ‘एकडोळी’ म्हणत. माझी ऐपत बेताची, आणि दुकानातल्या एका खोक्यावरच्या ‘साठ पट’ या अक्षरांना मी भुललो होतो. भिंगाचा व्यास तोच ठेवून वर्धन वाढवले की प्रतिमा मोठी होते आणि काळवंडते, हे मी कित्येक वर्षे शिकवले, तरीही भुललो. अण्णांना सूत्र ठाऊक नव्हते. “साठ पट घेऊन काय बघताल? उन्हात हवाच थरथरती. पंचेचाळीस लय झालं. पैसं तिवईत घाला, सर. पाय हलले का पक्षी गेला.” प्रत्येक एकडोळी ते गंगापूर धरणाच्या काठावर नेत, पलीकडच्या पाटीवरची अक्षरे मला वाचायला लावत, आणि चष्मा काढू देत नसत. चष्म्यासकट सगळे वर्तुळ दिसले तरच ती पसंत. अशा चार नापसंत झाल्या. पाचवी, साठ मिलिमीटर भिंगाची, साधीच, त्यांनी स्वतः धरून पाहिली, तिचे झाकण हरवू नये म्हणून गुलाबाच्या जुड्या बांधायच्या दोऱ्याने बांधून दिले आणि म्हणाले, “ही तुमच्या डोळ्याची. फक्त तुम्हाला म्हनून निवडली.”

त्यानंतर दोन महिन्यांनी ते मला हरसूलच्या बाजूला घेऊन गेले. रस्त्याच्या वळणापासून अर्धा तास पायवाटेने उतरल्यावर एक सपाट खडक लागतो. समोर दरी आणि दरीपलीकडच्या कड्यात एक कपार. त्या कपारीत, दगडाचाच रंग ल्यालेली, शृंगी घुबडांची जोडी बसली होती. नारिंगी डोळ्यांनी त्यांतले एक थेट माझ्याकडे पाहत होते. “अमावास्येला घुबडं धरनारी मानसं हायेत, सर,” अण्णा हलकेच म्हणाले. “ही जागा फक्त तुम्हाला म्हनून दावली. कुनाला सांगायचं नाय. गळ्याची शपथ घ्या.” आणि मी, विज्ञानाचा प्राध्यापक, त्या खडकावर उभा राहून गळ्याची कातडी चिमटीत धरून शपथ घेतली.

ती मी पाळली. माझी पत्नी सुमन दर हिवाळ्यात विचारी, “अहो, एकदा मलाही न्या की. घुबडंच आहेत ना? सवत असल्यासारखी काय लपवून ठेवता?” मी विषय बदलत असे. तिने विचारणे सोडले, आणि त्याच सुमारास तिचे गुडघे गेले. आता तिला घराचा जिना उतरणेही कठीण होते.

दहाव्याला रामकुंडावर विधी आटोपल्यावर आम्ही पाच जण चहाचे कप धरून कडेला उभे होतो. नाशिक रोडच्या एका निवृत्त कारकुनाने मला निरखून विचारले, “यादीतले चौथे तुम्हीच का? एकडोळी साठ मिलिमीटरची? झाकणाला दोरा?” मी मान हलवली. तो हसला. “माझीही तीच. फक्त मला म्हणून निवडली होती.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “कपार पाहिलीत?”

त्या एका शब्दासरशी आम्हा पाचही जणांचे हात आपोआप गळ्याकडे गेले.

सगळे हसले. औषधांचे दुकान चालवणाऱ्या एक बाई डोळे पुसत हसत होत्या. कारकून म्हणाला, “हुशार होता म्हातारा. जो तो स्वतःला एकटा राखणदार समजत राहिला, म्हणून घुबडं वाचली.” ते मला पटले, पण पटणे वेगळे आणि पचणे वेगळे. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “मी तर आमच्या ह्यांना नि मुलींनाही नेऊन आणलं. अण्णांना विचारलं, तर म्हणाले, घरच्यांना शपथ लागत नाय.”

“असं म्हणाले?”

“हो. तुम्ही विचारलं नाहीत?”

नाही, मी विचारले नव्हते. मी विचारणाऱ्यांतला नाही, हे जगात कुणाला ठाऊक असेल तर ते अण्णांना. दंड धरून मला पुढे काढणाऱ्या माणसाने ते एक वाक्य न सांगता मला मागेच उभे ठेवले... मृत माणसावर रागावणे अशोभनीय आहे हे मी जाणतो. तरीही हे लिहितो आहे, आणि राग गेलेला नाही.

त्या संध्याकाळी मी सुमनला शपथेचे आणि बाईंनी घरच्यांना नेल्याचे सांगितले, अण्णांचे ते वाक्य तेवढे वगळून. ती एवढेच म्हणाली, “दोन वर्षांपूर्वी मी उतरले असते हो.”

गेल्या रविवारी तिला गाडीने हरसूलच्या त्या वळणापर्यंत नेले. खडकापर्यंत जाणे शक्यच नव्हते. रस्त्याच्या कडेला तिवई रोवली, तिच्या उंचीला उतरवली, दोरा सोडून झाकण काढले. मी आधी डोळा लावला. त्या अंतरावरून पंचेचाळीस पटीत कपार म्हणजे एक सावली आणि सावलीत एक तपकिरी ठिपका. तो दगडही असू शकतो. मी बाजूला झालो.

तिने चष्म्यासकट डोळा टेकवला. पुष्कळ वेळाने म्हणाली, “दिसतंय काहीतरी. डोळे उघडे आहेत का हो त्याचे?”

“हो,” मी म्हणालो. “तुझ्याकडेच बघतंय.”

ती तशीच वाकून राहिली. झाकण दोऱ्यावर वाऱ्याने हेलकावत तिवईच्या पायावर टकटक वाजत होते. मग डोळा न काढता तिने विचारले, “हे कुणाला सांगायचं नाही ना?” आणि तिचा हात गळ्याकडे गेला.

घरच्यांना शपथ लागत नाही, हे मला तिला सांगता आले नाही.