मागणीचा नारळ

चाळीतल्या भुताखेतांच्या गोष्टींना मी आजवर हसतच आले. जिन्यात पांढरी बाई दिसली म्हणणारीला मी सांगायचे – बाई गं, चष्मा बदल. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पण घडलं ते घडलं.

आम्ही घोडपदेवचे. माझ्या मुलाला, मंगेशला, रक्ताचा कॅन्सर. केमोने फरक पडेना. मग परळच्या हॉस्पिटलात नवीन उपचार केला. त्याच्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, लॅबमध्ये त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत अंगात सोडायच्या. "घरचेच पोलीस गं आई, ट्रेनिंगला पाठवलेत," मंगेश म्हणाला.

पेशी काढल्या त्या दिवशी मी गावच्या देवीला गाऱ्हाणं घालून मागणीचा नारळ देव्हाऱ्यात ठेवला. पोरगा बरा झाला की फोडायचा. तोवर रोज पूजेला हलवून बघायचा, पाणी आटत आलं तर बदलायचा.

एके दुपारी मंगेश पेढे घेऊनच आला. "आई, रिपोर्ट क्लिअर. फोड नारळ!"

त्याच सकाळी तो खळखळ वाजला होता. मी उंबऱ्यावर फोडला... आत थेंब नाही. सुकून गोटा झाला असता तर समजलं असतं. पण खोबरं ओलं, पांढरंशुभ्र. कुठे चीर नाही, वास नाही.

"जुना असेल हो आई," सून स्मिता म्हणाली.

"सकाळी वाजलाय. खोटं कोण बोलतंय, नारळ की तुम्ही?"

मंगेश पेढ्यांच्या बॉक्सकडे बघत बसला. स्मिता रडायला लागली आणि रडतारडता तिने खरं सांगितलं. आजार उलटला होता. माझ्या मुलीला माहीत, जावयाला माहीत... शेजारणीलासुद्धा!

"तुझं बीपी वाढलं असतं," मंगेश म्हणाला.

"म्हणून देवीपुढे खोट्याचा नारळ फोडायला लावलास? वर पेढे?"

"तू रोज विचारायचीस गं, कधी फोडायचा, कधी फोडायचा..."

"विचारणाऱ्याला खरं सांगतात."

डॉक्टर आता दुसरं औषध बघतायत. पाणी कुठे गेलं, ते मला अजून कळलेलं नाही. नारळवाल्याला विचारलं. म्हणाला, "मावशी, खोबरं ओलं आणि पाणी नाही, असं होतच नाही."

स्मिताने नवा नारळ आणलाय. मी त्याला रोज कुंकू लावते. मंगेश रोज म्हणतो, "आज बरं वाटतंय." मी ऐकून घेते.

नारळ मात्र हलवून बघत नाही.